लढाईसाठी आरसी टँक: कुठला घ्यायचा, कसा बांधायचा आणि पैसे आधी कुठे घालायचे

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, टँक घ्यायचाय, कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, लढणार कोणाशी? नुसता शोकेसमध्ये ठेवायचा असेल किंवा गच्चीवर दोन फेऱ्या मारायच्या असतील तर जो दिसायला आवडेल तो घ्या, विषय संपला. पण लढायचं असेल तर ही एकट्याने जाऊन घ्यायची वस्तूच नाही, कारण समोरच्या टँकला तुमचा नेम लागल्याचं कळायला हवं, आणि ते कळतं की नाही हे टँकच्या रूपावर, वजनावर, किमतीवर कशावरच नसतं, ते आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर असतं. म्हणून इंदूरमध्ये रामबागेत, टिळकनगरात, लोकमान्य नगरात जे चार-पाच जण मिळून हे सुरू करायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय. लांबलंय, पण ऑर्डर टाकायच्या आधी पूर्ण वाचा.

टोळीने आधी कोड ठरवा

लढाईच्या टँकमध्ये तोफेच्या नळीत किंवा नळीच्या बुडाशी एक इन्फ्रारेड (आयआर) एलईडी असतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्याच जातीचा. ट्रिगर दाबला की तो एक कोड फेकतो. समोरच्या टँकच्या टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या भागावर, एक गोल रिसीव्हर बसवलेला असतो, तो चारी बाजूंनी बघतो, कोड ओळखला की "मार लागला" म्हणून बोर्डाला सांगतो, मग टँक हादरतो, आवाज होतो, वेग कमी होतो आणि ठरलेले मार खाऊन झाले की थोडा वेळ पूर्ण बंद पडतो. सगळा खेळ एवढ्यावर चालतो.

आता मुद्दा असा की हेंग लाँग या चिनी कंपनीच्या टँकचा कोड वेगळा आणि टामिया या जपानी कंपनीचा वेगळा. बाहेरच्या कंपन्यांचे जे बोर्ड मिळतात त्यातले बरेच टामियाच्या कोडवर चालतात, आणि ओपन पँझर म्हणून एक ओपन सोर्स बोर्ड आहे तो दोन्ही भाषा जाणतो पण तो बसवायला सोल्डरिंग आणि थोडं कॉम्प्युटरवर सेटिंग करता आलं पाहिजे. म्हणजे एकाने टामिया घेतला, दुसऱ्याने हेंग लाँग, तर दोघे समोरासमोर उभे राहून दिवसभर गोळे झाडत बसतील आणि कोणालाच काही होणार नाही. माझं मत स्पष्ट आहे, नवीन टोळी असेल तर सगळ्यांनी हेंग लाँगचा आयआरवाला टँक घ्या, टीके ६.० किंवा त्याच्या पुढच्या ७.० घराण्यातला बोर्ड असलेला, आणि शक्यतो सगळ्यांचे बोर्ड एकाच पिढीचे ठेवा. कोणाकडे आधीपासून जुना टँक पडून असेल तर तो आणि नवीन असे दोन मीटरवर समोरासमोर ठेवून दोन्ही बाजूंनी मार लागतोय का ते बघा, मगच बाकीच्यांनी पैसे काढा.

हेंग लाँगच्या बऱ्याच टँकमध्ये ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडायचीही सोय असते. लढाईसाठी ती सोडून द्या. गोळी लागली की नाही यावर भांडणं होतात, गच्चीवर गोळ्या पसरतात, आणि मुख्य म्हणजे शेजारीपाजारी पोरं डोळे लावून बघायला उभी असतात, डोळ्याला लागलं तर मग काय. तसला टँक घ्यायचाच झाला तर गोळीचा भाग काढून तिथे नळी मागे सरकणारं रिकॉइल बसवा, आयआर मारताना नळी मागे गेली की दिसतंही झकास.

साइज आणि मॉडेल

१/१६ घ्या, म्हणजे खऱ्या टँकच्या सोळाव्या हिश्श्याएवढ्या मापाचा. छोटे १/२४ वगैरे जोडीत येतात ते आठ-दहा वर्षांच्या मुलांना घरात खेळायला ठीक आहेत पण ते बहुतेक आपल्या जोडीदाराशीच लढतात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. १/१६ मध्ये खरा टायगर, ज्याची नळीसकट लांबी ८.४५ मीटर होती, तो साधारण ५३ सेंटीमीटरचा होतो, रुंदी २३ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे एका हातात बॅग आणि एका हातात टँक घेऊन स्कूटरवर जाता येत नाही, खोका लागतो, हे आधीच धरून चाला.

मॉडेल निवडताना सगळे टायगरवर जातात. टायगर वाईट नाही, उलट एका बाबतीत फार चांगला आहे. टँक जागच्या जागी किती सहज वळतो हे दोन गोष्टींवर ठरतं, जमिनीवर टेकलेल्या पट्ट्याची लांबी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर. खऱ्या टायगरमध्ये हे आकडे साधारण ३.६ आणि २.८ मीटर, खऱ्या शर्मनमध्ये ३.७ आणि २.१. मॉडेलमध्येही तेच प्रमाण उतरतं, म्हणून टायगर खरखरीत गच्चीवर सुद्धा गोल फिरतो आणि शर्मन तिथेच कण्हतो, मोटरवर जोर येतो. पण टायगरची चाकं एकमेकांत अडकवलेली असतात, आतलं चाक काढायला बाहेरची काढावी लागतात, आणि मध्ये माती-खडे जाऊन बसतात. खऱ्या टायगरला रशियाच्या आघाडीवर हाच त्रास झाला होता, चाकांमध्ये चिखल भरून रात्रीत गोठायचा. आपल्याकडे गोठत नाही पण मालव्याची काळी माती ओली झाली की काय चिकटते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मैदानात खेळणार असाल तर टी-३४/८५ घ्या, मोठी पाच-पाच चाकं, रुंद पट्टा, अडकायला काही नाही, बुटका असल्याने विटेमागे लपतो. फरशीवर किंवा हॉलमध्ये खेळणार असाल तर टायगर खुशाल घ्या. पँथर मधला आहे, दिसायला मला सगळ्यात देखणा वाटतो पण चाकांचा प्रकार टायगरसारखाच. किंग टायगर पहिल्या टँकला नको, मोठा, जड, अरुंद वाटेत अडकतो.

आपल्या फौजेचा टँक हवा असं वाटणं साहजिक आहे, महू एवढं जवळ, घरोघरी कोणीतरी फौजेतलं. त्यांच्यासाठी टी-७२ आणि टी-९० दोन्ही हेंग लाँगमध्ये आहेत, आपल्याकडे त्यांनाच अजेय आणि भीष्म म्हणतात. दोन्ही बुटके, लढाईला उत्तम. आणि शर्मनला परका समजू नका, १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटनसमोर उभे राहिले त्यात आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन होते. त्या रंगात, त्या खुणांनी शर्मन रंगवलेला मला अजून इथे कोणाकडे दिसला नाही, कोणी केला तर मला नक्की बघायचाय.

रेडीमेड की किट

टामियाने त्यांचं पहिलं रेडिओ कंट्रोल मॉडेल १९७४ साली काढलं तेच शर्मन टँकचं होतं, आणि त्यांचं १/१६ चं फुल ऑप्शन किट बांधणं म्हणजे वेगळाच आनंद आहे, सुटे भाग इतके नेमके बसतात की फाइल क्वचितच हातात घ्यावी लागते. पण किंमत हेंग लाँगच्या कितीतरी पट, वरून चार चॅनेलचा रिमोट, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे आणि लढाईचं आयआर युनिट बऱ्याच किटांना वेगळं घ्यावं लागतं. ज्याला बांधण्यातच रस आहे त्याने तो घ्यावा. ज्याला या दिवाळीत लढायचंय त्याने रेडीमेड घ्यावा आणि हळूहळू आतून बदलावा, मी पुढे त्याच वाटेबद्दल लिहितोय.

रेडीमेडमध्येही दोन-तीन प्रकार असतात. पूर्ण प्लास्टिकचा, प्लास्टिक पट्टे पण स्टीलचा गिअरबॉक्स असलेला, आणि पट्टे-स्प्रॉकेट-गिअरबॉक्स सगळं मेटलचं (स्प्रॉकेट म्हणजे पट्टा ओढणारं दातांचं चाक). मधला मिळाला तर डोळे झाकून तो घ्या. कारण खाली सांगतोच.

मागवताना दोन गोष्टी. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी फार बसते, २०२० मध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० वरून ६० टक्के झाली होती, त्यानंतरही बदल झालेत, तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या दिवशीचा दर बघा. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळे "टॉय" लिहिलेलं पार्सल अडकू शकतं. भारतातल्याच हॉबी दुकानातून घेतलं तर थोडं महाग पडेल पण वस्तू हातात येते. आणि लिथियमची बॅटरी कधीही बाहेरून मागवू नका, विमानाने पाठवायला अडचणी असतात, ती इथेच घ्या.

खोका उघडल्यावर लगेच चालवू नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण बरेच टँक पहिल्या अर्ध्या तासात मरतात.

टँक उलटा करून उशीवर किंवा जुन्या टॉवेलवर ठेवा, नळी आणि वरचे बारीक भाग मोडणार नाहीत असा. खालचे सगळे स्क्रू एकदा हाताने बघा, फॅक्टरीत काही ढिले राहतात. पट्टे काढा. पट्ट्यातली एक पिन पातळ सळईने बाहेर सारली की पट्टा सुटतो, कुठली पिन काढली तिथे मार्करने ठिपका द्या. आता प्रत्येक चाक बोटाने फिरवा. जे अडखळतं त्याच्या धुऱ्यावर प्लास्टिकचा कचरा किंवा जास्तीचा रंग असतो, तो कटरने खरवडा आणि सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका द्या. सस्पेन्शनचा प्रत्येक हात खाली दाबून सोडा, उसळून वर आला पाहिजे.

पट्ट्याशिवाय मोटर चालवून बघा. रिमोटची काठी अगदी थोडी पुढे. दोन्ही स्प्रॉकेटवर खडूने खूण करा आणि फिरताना बघा, दोन्ही साधारण एकाच वेगाने फिरतायत का. थोडा फरक असतोच, पण एक बाजू फारच मागे राहत असेल तर त्या बाजूच्या गिअरबॉक्समध्ये काहीतरी आवळून बसलंय, बहुतेक वेळा गिअरबॉक्सचे स्क्रू जास्त घट्ट केलेले असतात. एकेक अर्धा आटा ढिला करून ऐका, आवाज मोकळा होतो ते लगेच कळतं.

मग पट्टे चढवा आणि ताण बघा. वरचा पट्टा मधोमध बोटाने उचलला तर साधारण एखाद्या सेंटीमीटरने उचलला गेला पाहिजे. त्यापेक्षा घट्ट असेल तर मोटर आणि बोर्ड दोन्ही तापतात, त्यापेक्षा ढिला असेल तर वळताना निसटतो. ताण कमी-जास्त करायला आयडलर, म्हणजे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचं मोटर नसलेलं चाक, पुढे-मागे होतो तसा आयडलर असेल तर बरं, नसेल तर एखादी कडी काढावी लागते, आणि काढली तर दोन्हीकडून सारखीच काढायची.

पहिल्या दिवशी सपाट फरशीवर पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, सरळ, मागे, मोठ्या वळणात. जागच्या जागी गरगर फिरवायचा मोह आवरा. मग खालून हात लावून मोटर किती तापलीय ते बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पुन्हा पट्ट्याच्या ताणापासून सुरुवात.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे

जो तो आधी मेटल ट्रॅक, म्हणजे धातूचे पट्टे, घेतो, कारण आवाज छान येतो आणि वजन आलं की टँक खरा वाटतो. हे उलटं आहे. मेटल ट्रॅक प्लास्टिकच्या स्प्रॉकेटवर चढवला की तो स्प्रॉकेटचे दात खाऊन टाकतो, दात गेले की पट्टा घसरतो, घसरला की अडकतो, अडकला की प्लास्टिकच्या गिअरबॉक्सचा एखादा गिअर जातो नाहीतर बोर्ड जळतो. म्हणजे एका दिखाऊ वस्तूसाठी अख्खा टँक गेला.

माझा क्रम असा. पहिला स्टीलचा गिअरबॉक्स. हेंग लाँगसाठी ३:१, ४:१, ५:१ अशा नावांनी मिळतात, आकडा मोठा तितका टँक हळू आणि जोर जास्त. लढाईला ४:१ घ्या, पुढे मेटल ट्रॅक टाकायचे असतील तर ५:१ सुद्धा चालेल, टँक पळवायचा नसतो. घेताना आपल्या मॉडेलचं नाव देऊनच घ्या, कारण बाहेर येणाऱ्या शाफ्टची लांबी मॉडेलप्रमाणे वेगळी असते, शॉर्ट शाफ्ट लाँग शाफ्ट असं म्हणतात, चुकीचा आला तर स्प्रॉकेट पट्ट्याच्या रेषेत बसतच नाही. बसवायच्या आधी गिअरबॉक्स उघडून आतलं ग्रीस बघा, कोरडा असेल तर पांढरं लिथियम ग्रीस भरा, टँकच्या बाहेरच काही वेळ दोन्ही दिशांना हळू फिरवा, मग जुनं ग्रीस पुसून नवं लावा, त्या पुसलेल्या फडक्यावर चमचम दिसते ती गिअरची झिजलेली पावडर, ती आत राहू देऊ नका. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना निळं थ्रेडलॉक लावा पण फक्त धातू-धातूच्या जागी, प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

दुसरं, मेटल स्प्रॉकेट आणि ताण जुळवता येणारा मेटल आयडलर. हे दोन्ही एकाच वेळी. प्लास्टिकचा पट्टा मेटल स्प्रॉकेटवर मस्त चालतो.

तिसरं, चाकांना बेअरिंग. सगळ्यांना नाही जमलं तर पुढच्या-मागच्या दोन जोड्यांना तरी. पट्ट्याचा ताण तिथे जास्त येतो. बेअरिंग टाकल्यावर त्याच बॅटरीवर टँक जास्त वेळ चालतो हे स्वतःच जाणवतं.

आणि मोटरला १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर बसवलेले आहेत का ते बघा, नसतील तर दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक असे तीन लावा. ब्रशच्या ठिणग्यांमुळे रिमोट मध्येच झटके खातो तो त्रास जातो. कपॅसिटर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी वायरवरची नळी), कनेक्टर हे सगळं महाराणी रोड आणि जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, बारीक नट-बोल्ट सियागंजात. शाफ्ट कापून घ्यायचा किंवा बुश करून घ्यायचा असला तर पोलोग्राउंडकडे एखाद्या खरादवाल्याकडे जा, नमुना हातात द्या, माप तोंडी सांगू नका.

मेटल ट्रॅक यानंतर, घ्यायचेच असतील तर. घेतल्यावर पहिल्या काही तासांत पिना बसतात आणि पट्टा ढिला होतो, ते नॉर्मल आहे, पुन्हा ताण जुळवा. मेटलची चाकं, मेटलचा खालचा सांगाडा हे मात्र लढाईसाठी मला अजिबात पटत नाही, वजन वाढतं आणि वजन वाढलं की तोच बोर्ड, तीच बॅटरी जास्त राबते.

नेम जुळवणं

यावर कोणी वेळ देत नाही आणि सामने इथेच जिंकले जातात.

पहिल्यांदा एलईडी चालतो का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा चमकतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात फिल्टर असतो, मग सेल्फी कॅमेरा वापरा.

आता टोळीतला एक टँक पाच मीटरवर ठेवा. आपला टँक समोर, टरेट अगदी सावकाश डावीकडे फिरवत फिरवत मारत राहा, मार लागणं थांबलं तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा, मग उजवीकडे तसंच. दोन रेघांच्या मधोमध नळी असायला हवी. नसेल तर एलईडी आत तिरका बसलाय, तो सरळ करून पुन्हा बघा. हेच नळी वर-खाली करून करा. आणि त्या दोन रेघांमधलं अंतर फारच मोठं असेल, म्हणजे नळी भलतीकडे असतानाही मार लागत असेल, तर एलईडीवर काळ्या हीट श्रिंक स्लीव्हचा तुकडा पुढे थोडा येईल असा चढवा, किरण अरुंद होतो आणि नेम खरा लागतो. सगळ्यांनी सारख्याच लांबीचा तुकडा लावायचा, नाहीतर एकाची बंदूक आणि एकाची टॉर्च असं होतं.

ऊन हा आयआरचा शत्रू आहे. उन्हात आयआर भरपूर असतं, रिसीव्हर त्यात आंधळा होतो आणि मारा पार कमी पडतो. एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या गच्चीवर दुपारी खेळायचा प्रश्नच नाही, पण थंडीतही संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा सावलीतच खेळा. जुने पिवळे बल्ब, हॅलोजन हेही नकोत, एलईडी दिव्यांखाली ठीक. हॉलमध्ये खेळताना पांढऱ्या भिंतीवरून आणि काचेवरून किरण उसळून पाठीमागून मार लागतो, भिंतीच्या कडेने पोतं किंवा पुठ्ठे उभे केले की कमी होतं. रिसीव्हरवर रंग, जाळी, झुडपाचं डेकोरेशन काही लावायचं नाही, हा नियम सगळ्यांना.

बॅटरी

नवीन टँकमध्ये बहुतेक ७.४ व्होल्टची दोन सेलची लिथियम बॅटरी येते. पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. एक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, छोटा अलार्म मिळतो तो बॅलन्स वायरला लावून ठेवा. लिपो (लिथियम पॉलिमर) असेल तर बॅलन्स चार्जरनेच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरने भरा, २००० एमएएचची २ अँपिअरवर, फरशीवर ठेवून, कोणीतरी त्याच खोलीत असताना. फुगलेली बॅटरी वापरायची नाही म्हणजे नाही. महिनाभर खेळणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नको. आणि उन्हाळ्यात बॅटरी स्कूटरच्या डिक्कीत किंवा उभ्या गाडीत ठेवून कुठे पोहे खायला जाऊ नका, ती डिक्की आत भट्टी असते.

मैदान आणि वर्ग

दिवाळीत किल्ला करायचा हात असलेल्या घरांना मैदान करणं शिकवावं लागत नाही. तेच सामान, विटा, पोती, पुठ्ठे, थोडी माती. पंधरा बाय वीस फूट जागा दोन-दोन टँकना पुरते. खऱ्या तीन मीटर उंच घराचं १/१६ मध्ये १९ सेंटीमीटर होतं, म्हणजे उभी वीट ही साधारण घराएवढी. वाटा कमीत कमी ३० सेंटीमीटर रुंद ठेवा, त्यातून टायगर जातो. मधोमध मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना आडोसे, आणि एखादी जागा अशी जिथून दोन वाटा दिसतात, त्या जागेसाठी खरी मारामारी होते.

टामियाच्या पद्धतीत तीन वर्ग आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण हेंग लाँगवाल्या टोळीने सुद्धा तोंडी नियम म्हणून ते वापरावेत. हलका टँक ३ सेकंदांनी पुन्हा मारू शकतो आणि ३ मारांत मरतो. मधला ५ सेकंद, ६ मार. जड ९ सेकंद, ९ मार. आता हिशोब करा. मधला आणि जड समोरासमोर उभे राहून एकही नेम न चुकवता मारत राहिले तर मधला जडाला ४० सेकंदांत मारतो, पहिला मार शून्यावर आणि पुढचे आठ पाच-पाच सेकंदांनी. जड मधल्याला मारायला ४५ सेकंद घेतो. म्हणजे जड टँक उघड्यावर उभा राहिला तर थोडक्यात का होईना हरतो. हलका मात्र कोणासमोरच उभा राहू शकत नाही, जडाला मारायला त्याला २४ सेकंद हवेत आणि तो स्वतः १८ मध्ये जातो, मधल्याला मारायला १५ हवेत आणि स्वतः १० मध्ये जातो.

यातून खेळायची पद्धत आपोआप निघते. जड टँकने एक गोळा मारला की ९ सेकंद आडोशामागे जायचं आणि दहाव्या सेकंदाला पुन्हा कोपऱ्यातून नाक काढायचं, म्हणजे मधल्याला दोन मारांची संधीच मिळत नाही. मधल्याने जडाला आडोशात परत जाऊ द्यायचं नाही, जवळ जायचं, दोन बाजूंनी. हलक्याने कायम हलत राहायचं आणि ज्याची नळी दुसरीकडे वळलेली आहे त्यालाच मारायचं, कारण टरेट फिरायला वेळ लागतो. म्हणूनच नेम धरताना टरेटने शोधत बसू नका, आधी अख्खा टँक वळवून अंदाजे समोर आणा आणि शेवटचं थोडं टरेटने. कोपऱ्यात तिरका उभा राहिल्याने खऱ्या टँकला चिलखताचा फायदा होतो, इथे होत नाही, रिसीव्हर चारी बाजूंनी सारखाच बघतो, इथे फक्त आडोसा वाचवतो.

सामना दहा मिनिटांचा ठेवा. मेलेला टँक पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या टोकाला परत जाईपर्यंत त्याला कोणी मारायचं नाही. मार मोजायला एक जण बाहेर बसवा, शक्यतो असा जो पुढच्या सामन्यात नाही.

खेळून झाल्यावर पट्ट्यातली माती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने काढा, काळी माती एकदा वाळली की पिनांमध्ये दगड होऊन बसते. पाण्याखाली धरू नका, खालचा डबा बंद दिसतो पण शाफ्टच्या भोकांतून पाणी थेट गिअरबॉक्समध्ये जातं. पावसाळ्यात सरळ आत फरशीवर खेळा. आणि येताना प्रत्येकाने डब्यात पाच-सहा जादा पट्ट्याच्या पिना, दोन जादा कड्या, बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पिन सारायची सळई, सिलिकॉन ग्रीस आणि एक भरलेली जादा बॅटरी आणायची, सळई तर विसरूच नका, ती नसली की पहिल्या तुटलेल्या पट्ट्यालाच तुमचा खेळ थांबतो.